आण्णांना पाण्यापासून लांब ठेव

डार्विन
२२ मे

प्रिय बाळ्या,

उत्तराला उशीर झाला. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच.

तिकिटं काढलीस, आण्णाही येतायत, हे वाचून मी घरात एकटाच नाचलो. पण खाली तू जे लिहिलंयस, "मगरींचं आम्हाला काय सांगतोस, आम्ही कृष्णाकाठची माणसं," त्यानं नाच थांबला. आण्णा दिसेल त्या नदीत उतरतात, ओंजळभर पाणी डोळ्याला लावतात, नाणं टाकतात. नरसोबाच्या वाडीपासून नर्मदेपर्यंत त्यांनी एक नदी सोडलेली नाही. इथं ऑस्ट्रेलियात, काकडूच्या नॅशनल पार्कात मात्र हे चालायचं नाही, आणि ते त्यांना कसं सांगायचं याचाच विचार आठ दिवस करतोय.

आपल्या मगरीनंही माणसं ओढलीत, हे मला मान्य. पण इथली खाऱ्या पाण्यातली मगर, जिला इथं सगळे 'सॉल्टी' म्हणतात, ते वेगळंच प्रकरण आहे. नर पाच मीटरच्या पुढं जातो. आणि नावावर जाऊ नकोस, गोड्या पाण्यातही ती समुद्रापासून कितीतरी आत येते. १९७१ साली शिकारीवर बंदी आली तेव्हा या नॉर्दर्न टेरिटरीत जेमतेम ३,००० उरल्या होत्या, आता लाखाच्या घरात आहेत. ती तासभर पाण्याखाली गप्प बसते आणि कोण रोज कुठं उतरतं ते लक्षात ठेवते. म्हणून नियम असा की काठापासून पाच मीटर लांब राहायचं, आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा जायचं नाही. पहिल्या वर्षी मीही शहाणा होतो. मासे साफ करून झाल्यावर एका डबक्याशी हात धुवायला वाकलो. मागून एक म्हातारा असा ओरडला की चाकू पाण्यात पडला. चाकू अजून तिथंच आहे, मी आणायला गेलो नाही.

काहिल्स क्रॉसिंगला तुम्हाला नेणारच. ईस्ट ॲलिगेटर नदीवरचा तो एक बुटका बांध आहे, पलीकडं आर्नहेम लँड हा आदिवासींचा प्रदेश सुरू होतो आणि तिथं जायला परवाना लागतो. (ॲलिगेटर म्हणजे मगरीसारखाच दुसरा प्राणी. नाव ते, पण इथं एकही ॲलिगेटर नाही. १८२० च्या आसपास किंग नावाच्या इंग्रज कप्तानानं मगरींनाच ॲलिगेटर समजून नाव ठोकून दिलं, ते तसंच राहिलं.) भरती आली की बांधावरून पाणी वाहतं, त्याबरोबर मासे येतात, आणि माशांसाठी मगरी ओळीनं तोंड उघडून बसतात. पाहण्यासाठी वर वेगळे ओटे बांधलेत. खाली बांधावरून पायी जाताना माणसं मेलेली आहेत. आण्णांचं नाणं वरूनच टाकू. खरं तर टाकूच नको, त्यांना सांग की इथल्या नदीला पैसे चालत नाहीत.

चेष्टा बाजूला. मला वाटतं आण्णांना मगरीचं भय घालून उपयोग नाही, ते उलट पुढं जातील. त्यांना असं सांग की ही जागा दुसऱ्याची आहे आणि यजमानांनी उंबऱ्याबाहेर थांबायला सांगितलंय. हे ते ऐकतील. देवराईतून वाळकी काटकीसुद्धा न उचलणारा माणूस आहे तो.

आणि हे खोटंही नाही. काकडूचे मालक इथले मूळ आदिवासी, उत्तरेकडचे बिनिंज आणि दक्षिणेकडचे मुंगुय. पार्कची जवळजवळ सगळी जमीन कायद्यानं त्यांची आहे, ती त्यांनी पार्कला भाड्यानं दिलीय, आणि कारभार बघणाऱ्या मंडळावर बहुमतही त्यांचंच. पार्क केवढं, तर जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्याच्या दुपटीहून जास्त. शेजारच्या मादजेदबेबे नावाच्या कपारीत उत्खनन झालं, तिथला माणसाचा वावर ६५,००० वर्षांपर्यंत मागं नेलाय. मी हा आकडा वाचला त्या रात्री बराच वेळ गॅलरीत बसून होतो. आपण वाड्याच्या दोनशे वर्षांचं कौतुक सांगतो.

पार्कातल्या उबिर नावाच्या खडकावर शैलचित्रं आहेत. बारामुंडी मासा, कासव, घोरपड अशी काढलीत की आतली हाडं आणि आतडी दिसतात. कोणता प्राणी आतून कसा, कुठं काय खाण्याजोगं, सगळं त्यात आलं. एक चित्र पट्टेवाल्या थायलसीनचं, म्हणजे टास्मानियन वाघाचं आहे. हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून निदान २,००० वर्षांपूर्वीच संपला, तेव्हा चित्र त्याच्याआधीचं असणार. आणि खिशात हात घालून उभा असलेला एक गोरा माणूसही आहे. पोरांना तो फार आवडेल.

मला स्वतःला तिथल्याच चित्रातला माबुयू आवडतो. तो मासे दोरीला लावून ओढत नेत होता, कुणीतरी दोरी कापून मासे पळवले. रात्री चोर गुहेत पोट भरून झोपले तेव्हा त्यानं दाराशी भलामोठा दगड लावला. बायकापोरांसकट एकही बाहेर आला नाही. गोष्ट संपली. चोरी करू नका हे सांगायला यांनी पाटी लावली नाही, भिंतीवर माबुयू काढला. धोक्याच्या पिवळ्या पाट्या आता आल्या, पण सावधगिरी शिकवायचं काम या भिंती कधीपासून करतायत.

बुरुंगकुय हा दुसरा खडक, ज्याला आधी नुरलँजी म्हणत, तिथं नामारगोनचं चित्र आहे, विजेचा पुरुष. गुडघ्याला, कोपराला दगडी कुऱ्हाडी, त्या आपटून तो वीज पाडतो. केशरी-निळा एक नाकतोडा आहे, अल्युर, तो त्याचं लेकरू. पावसाळ्याच्या तोंडावर दिसतो. हे चित्र १९६४ मध्ये पुन्हा रंगवलेलं आहे. आमच्या ऑफिसातला एक जण नाक मुरडत म्हणाला, मग ते जुनं कुठं राहिलं? मला मात्र शेंदूर आठवला. दरवर्षी नवा थर चढतो म्हणून आपला मारुती नवा होतो का?

ऋतूही यांचे सहाच, पण आपले नव्हेत. डिसेंबर ते मार्च गुदजेवग, धो-धो पाऊस, निम्मे रस्ते पाण्याखाली. एप्रिलमध्ये बांगेरेंग, तेव्हा परतीचा पाऊस पुरुषभर उंच गवत आडवं करतो. आत्ता येग्गे चाललाय. तुम्ही जुलैत याल तेव्हा वुर्गेंग, रात्री स्वेटर लागेल. पुढं गुरुंग तापतो आणि मग गुनुमेलेंग, म्हणजे आपला वळीव. वाटेत धूर दिसला तर आण्णांना घाबरू देऊ नकोस. येग्गेपासून हे लोक मुद्दाम ठिकठिकाणी लहान आगी लावतात, गवत ओलसर असताना. थोडं थोडं आधी जळलं की पुढं कडक उन्हात मोठा वणवा पेटायला काही उरत नाही.

यलो वॉटर या पाणथळीत पहाटेची होडी घेऊ. तिथं मगर बघायची ती होडीतून, हात आत ठेवून. काळ्या मानेचा करकोचा, ज्याला इथं जाबिरू म्हणतात, तो आपल्याकडचाच. कमळपक्षीही दिसेल, लाल तुऱ्याचा. मॅगपाय गीझ, म्हणजे काळे-पांढरे हंसासारखे पक्षी, तर हजारांनी.

बाकी बारीकसारीक: डार्विनहून तीन तास लागतात, गाडी मी चालवीन. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं, संध्याकाळी वॉलबी, म्हणजे लहान कांगारू, आडव्या येतात. पाणी माणशी भरपूर, कारण इथं मगरीइतकंच ऊन वाईट, आणि आण्णा तहान लागली तरी सांगत नाहीत. फोनला रेंज बहुतेक नसेल. एखादी वाट बंद असली तर का म्हणून विचारायचं नाही, काही जागा फक्त त्यांच्या असतात. वहिनींना सांग, लोणचं आणायचं तर विमानतळावरच्या फॉर्मवर लिहायला विसरू नका, दंड मोठा आहे.

आण्णांच्या पायाला बूट कितव्या नंबरचे लागतात? चपलेवर उबिरचा खडक चढता येणार नाही. इथून घेऊन ठेवतो, तेवढं लगेच कळव.

तुझा,
विन्या