पगाराचं मूळ

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

'बाबा, पहिला पगार झाला' आणि त्याखाली रोममधल्या त्या संगमरवरी वेदीचा, 'आरा पाकिस' म्हणजे शांतीच्या वेदीचा, फोटो. आई पगारावर खूश, मी वेदीवर. पण ही दोन्ही एकाच शब्दाची पिल्लं आहेत, हे तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

'पगार' आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. चावी, पाव, बटाटा आले तसाच. त्यांच्याकडे ते क्रियापद आहे, पैसे चुकते करणं. त्याच्या मागे लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणं, आणि त्याच्याही मागे 'पाक्स', शांतता. ज्याचं देणं लागतो त्याला आधी शांत करायचं. 'शांत करणं' सरकत सरकत 'पैसे देणं' झालं.

तुला आठवत नसेल, पण आपल्या वाण्याकडे लांबोडकी लाल वही असायची. कारखान्यात तीन महिने पगार थकला, तेव्हा मी त्याच्या दुकानावरून न जाता मागच्या बोळातून घरी यायचो. तो कधी एक शब्द बोलला नाही. फक्त साखर जोखताना काट्याकडे बघायचा, माझ्याकडे नाही. पगार झाला त्या संध्याकाळी सगळी उधारी दिली. त्याने पानावर आडवी रेघ मारली आणि सुट्टे नव्हते म्हणून तुझ्यासाठी दोन लिमलेटच्या गोळ्या दिल्या. पुढे 'पाकारे'चा अर्थ वाचला तेव्हा मला ती रेघच दिसली.

'पाक्स'चं मूळ मात्र बांधण्यात आहे, पक्कं रोवण्यात. करार या अर्थाचा 'पाक्तुम' त्याच घरातला. भाषाशास्त्रज्ञ आपला संस्कृत 'पाश'ही याच कुळात धरतात. आपली शांती 'शम्' धातूतली, निवणारी. त्यांची दोन पक्षांना बांधून घालणारी. आणि दोरीचं टोक बहुतेक वेळा रोमच्याच हातात! पहिला रोमन सम्राट ऑगस्टस स्पेन आणि गॉलमधून (आजच्या फ्रान्सकडून) परतला म्हणून सेनेटने इ.स.पू. 13 मध्ये ही वेदी बांधायचं ठरवलं, इ.स.पू. 9 मध्ये ती अर्पण झाली. जागा कुठली, तर मार्सचं मैदान. मार्स म्हणजे युद्धाचा देव. रोमन इतिहासकार टॅसिटसने तर एका कॅलिडोनियन, म्हणजे आजच्या स्कॉटलंडमधल्या, सरदाराच्या तोंडी घातलंय की हे लोक मुलूख ओसाड करतात आणि त्याला 'पाक्स' म्हणतात. रोमन माणसाने रोमबद्दल हे लिहावं, याचं मला फार कौतुक वाटतं.

पुन्हा गेलीस तर मांडीवर दोन बाळं घेतलेल्या बाईचं शिल्प नीट बघ. पायाशी बैल आणि मेंढी आहे. ती पृथ्वी, इटली की खुद्द शांतीची देवी पाक्स, यावर पंडितांचं अजून जमलेलं नाही. मला विचारशील तर बैल इतका निवांत बसलाय की ती पाक्सच असावी.

आजी पेढ्यांचं विचारत होती. तिला सांगितलंय, दिवाळीला. तू आधी घरमालकिणीचं भाडं देऊन टाक.

तुझे
बाबा