बॅटरीत पाणी कोण टाकणार?

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि. तुमच्या पेपरात मागे एक फोटो बघितला, सरकारी दवाखान्यात नवीन इन्व्हर्टर, त्याला झेंडूचा हार, बाजूला पाच-सहा जण उभे. फोटो छान आहे. पण मी इन्व्हर्टर-बॅटरीवाला माणूस, माझी नजर हारावर न जाता खाली बॅटरीवर गेली आणि डोक्यात एकच प्रश्न आला, हिच्यात पाणी कोण टाकणार? त्यावरच हे पत्र लिहितोय, जमलं तर छापा.

आमचा धाराशिव जिल्हा. दुकान २००६ साली टाकलं, तेव्हा खेड्यात दहा-दहा, बारा-बारा तास लाईट नसायची, दहावीच्या पोरांच्या परीक्षा आल्या की आईबाप उसनवारी करून बॅटरी न्यायचे. नंतर त्या ए, बी, सी, डी ग्रुपचं भारनियमन आलं, म्हणजे ज्या फीडरवर (सबस्टेशनातून निघणारी लाईन) वसुली कमी आणि गळती जास्त त्यांना अंधार जास्त, मग तुम्ही स्वतः दर महिन्याला बिल भरा नाहीतर नका भरू, शेजाऱ्याने आकडा टाकलाय ना, बसा दोघंही अंधारात. खोटं कशाला बोलू, माझं घर त्या अंधारावरच उभं राहिलं. आता तसं जाहीर लोडशेडिंग राहिलं नाही, पण वारं सुटलं की खांबावरचा फ्यूज, ज्याला आम्ही डिओ म्हणतो, तो उडतो, पाऊस आला की लाईन बंद, आणि डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाला तर दुसरा येईपर्यंत किती दिवस जातील ते देव जाणे. त्यामुळे माझा धंदा काही बसला नाही.

तर झालं असं की मे महिन्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून फोन आला (कुठलं ते लिहीत नाही, तिथली माणसं चांगली आहेत आणि हे एका केंद्राचं नाहीये). आदल्या रात्री लाईट गेली, इन्व्हर्टरने वीस मिनिटं काढली आणि टूं टूं करून बंद पडला, आणि लेबर रूममध्ये सिस्टरने टॉर्च लावलेला मोबाईल दातात धरून बाळंतपण केलं. दातात बरं का. बाई आणि बाळ सुखरूप आहेत. मी सकाळी गेलो तर सिस्टर म्हणाल्या, "दादा, बॅटऱ्या चौदा महिन्यांच्या आहेत हो, इतक्यात गेल्या कशा?"

उघडून बघितलं. दीडशे एएचच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) दोन ट्यूब्युलर, म्हणजे पाणी टाकायला लागणाऱ्या बॅटऱ्या. एका बॅटरीला सहा घरं, प्रत्येकावर पाण्याची पातळी दाखवणारी दांडी असते, ती बहुतेक सगळीकडे तळाला गेलेली. बूच काढून टॉर्च मारला तर प्लेटा उघड्या पडलेल्या. आणि ज्या दोन-तीन घरांत पाणी होतं ते जारचं. शिपाईमामांनी कुणीतरी सांगितलं म्हणून मनानेच टाकलं होतं, मला म्हणाले, "साहेब, नळाचं नाही टाकलं, चांगलं आरओचं जारचं टाकलं." त्यांचा हेतू चांगलाच होता हो, पण पिण्याच्या पाण्यात क्षार असतातच आणि तेच प्लेटा खातात, बॅटरीला डिस्टिल वॉटरच लागतं, तीन-चार महिन्यांनी, उन्हाळ्यात त्याच्याही आधी बघावं लागतं. हायड्रोमीटर लावला, म्हणजे आतलं ॲसिड किती घट्ट ते मोजलं, जिथं १२४० दिसायला पाहिजे तिथं ११५० पण नाही. वॉरंटी तीन वर्षांची होती, पण प्लेटा कोरड्या पडल्या की कंपनी हात वर करते आणि तसं वॉरंटी कार्डावर छापलेलंच असतं.

अजून एक गंमत सांगतो, म्हणजे गंमत नाहीये ती. इन्व्हर्टरच्या मागं एक छोटं बटण असतं, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल. कॉम्प्युटर मध्येच बंद पडू नये म्हणून कुणीतरी ते यूपीएसवर टाकून ठेवलं होतं. आता यूपीएसवर असलं की साधारण १८० व्होल्टच्या खाली मेनलाईन आली की इन्व्हर्टर समजतो लाईट गेली, आणि बॅटरीवर चालू होतो. हे केंद्र गावाच्या कडेला, लाईनच्या पार शेवटाला, उन्हाळ्यात संध्याकाळी घरोघरी कुलर लागले की तिथं १६०-१६५ व्होल्ट. म्हणजे गावात लाईट आहे, दवाखान्यातला बल्बसुद्धा पेटलेला दिसतोय, आणि आतमध्ये बॅटरी रोज संध्याकाळी तीन-चार तास गुपचूप रिकामी होतेय. मग रात्री खरोखर लाईट गेल्यावर तिच्यात राहणार काय? मी बटण फिरवलं, दोन सेकंदांचं काम. चौदा महिन्यांत हे कुणी बघितलं नाही कारण ते बघणं कुणाचंच काम नव्हतं.

आणि आता मला जे म्हणायचंय ते. त्याच खोलीला लागून लसीचा फ्रीज आहे, आयएलआर म्हणतात त्याला, झाकण वरून उघडणारा. तो कधी बिघडल्याचं ऐकलं नाही मी. ज्यांनी तो बनवला त्यांनी आपल्या गावची लाईट डोळ्यासमोर धरूनच बनवलाय असं वाटतं, कारण दिवसात आठ तास लाईट मिळाली तरी आतल्या बर्फावर तो दोन ते आठ डिग्री धरून ठेवतो, इन्व्हर्टर लागतच नाही. पण नुसत्या मशीनमुळे नाही चालत तो. त्याच्यावर एक वही ठेवलेली असते, रोज सकाळ-संध्याकाळ टेंपरेचर बघायचं, लिहायचं, सही करायची. वर त्याला सेन्सर पण बसवलाय, टेंपरेचर हललं की मोबाईलवर मेसेज. फ्रीजला वही आहे, बॅटरीला नाही. एवढाच फरक आहे साहेब, मधे एक भिंत.

दोन बॅटऱ्या म्हणजे आज तीस हजाराच्या आसपास. पाच लिटर डिस्टिल वॉटरचा कॅन शंभर-दीडशे रुपयाला मिळतो. तिथल्या क्लार्कला विचारलं तर म्हणाला खरेदीला पैसे असतात, देखभालीचं हेड (खर्चाचं खातं) नाही. म्हणजे शंभर रुपयांचं पाणी घ्यायला हेड नाही म्हणून तीस हजाराची बॅटरी घ्यायची, ती पण टेंडर निघेल तेव्हा, तोवर सिस्टरने दातात मोबाईल धरायचा. शाळांचं पण तेच, डिजिटल शाळा म्हणून प्रोजेक्टर आला, इन्व्हर्टर आला, दोन वर्षांत बॅटरी फुगली, आता तिच्यावर खडूचे डबे ठेवलेत. माझ्याकडे अशा मेलेल्या बॅटऱ्या भंगारात येतात तेव्हा निम्म्या तरी वयाने मेलेल्या नसतात, तहानेने मेलेल्या असतात.

कुणी म्हणेल आता सोलर आलंय, बॅटरीची भानगडच नको. सोलर चांगलंच आहे, मी स्वतः बसवतो. पण २०२४ पासून ती सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी, तेव्हापासून महिन्यातून एकदा तरी कुणीतरी दुकानात येऊन माझ्यावर चिडतं की वर ऊन रणरणतंय, पत्र्यावर पॅनल चमकतायत आणि लाईट गेली की घरात पंखा बंद, फसवलं का आम्हाला? फसवलं नाही हो. बॅटरी नसलेलं ग्रिडचं सोलर लाईन गेली की मुद्दाम बंद होतं, नाहीतर तुमच्या पॅनलची वीज उलटी लाईनवर जाईल आणि खांबावर चढलेला वायरमन मरेल. (जनरेटरला चेंजओव्हर, म्हणजे लाईन तोडून जनरेटर जोडणारा स्विच, न लावणाऱ्यांनी पण हे वाचावं, डीपीतून उलटी गेली की ती ११ हजार व्होल्ट होऊन जाते.) तेव्हा लाईट गेल्यावर पण चालायला पाहिजे असेल तर सोलरलाही बॅटरी लागते, आणि बॅटरी म्हटली की कुणीतरी तिच्याकडे बघायला लागतं. लिथियम बॅटरीला पाणी लागत नाही हे खरं, पण वायर सैल झाली, पॅनलवर धूळ बसली, बटण चुकीचं फिरलं, हे बघायला माणूस लागणारच की.

नवीन मशीनं नका देऊ असं मी म्हणत नाही. मशीन देताना त्याच टेंडरमध्ये तीन वर्षं पाणी टाकायचे, चार्जिंग तपासायचे पैसे धरा, आणि फ्रीजसारखी एक वही इन्व्हर्टरला पण लटकवा, पाणी टाकल्याची तारीख आणि सही. महिन्यातून एकदा मेन स्विच पाडून बघा किती वेळ चालतो, घड्याळ लावून. एवढं केलं तर माझ्या बॅटऱ्या कमी विकल्या जातील हे मला कळतं, पण तो मोबाईल दातात धरलेला ऐकल्यापासून झोप लागत नाही म्हटलं तरी चालेल.

त्या केंद्राला मी सांगून आलोय, नवीन बॅटऱ्या येतील तेव्हा येतील, मी जुन्याच चार्ज करून उभ्या केल्यात, त्या थोडंफार चालतील, आणि दर तीन महिन्यांनी मी फुकट येऊन पाणी टाकत जाईन. परवा गेलो होतो. खोलीला कुलूप, चावी क्लार्ककडे आणि क्लार्क तालुक्याला मीटिंगला. अर्धा तास थांबलो, मग कॅन पायरीवर ठेवला आणि त्याच्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून आलो, "पिऊ नये, बॅटरीचं आहे".

आपला,
एक बॅटरीवाला, जि. धाराशिव
(नाव छापू नये, सरकारी कामाची दोन बिलं अजून अडकलेली आहेत)