उद्गारचिन्हवाल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही ‘चहा घे’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघडं पत्र.

मे महिन्यातली ती दुपार आठवते? ‘पाय बंद पडलाय’ असं मी फोनवर सांगितलं आणि माझी आजी घाबरून बाहेर आली होती. पाय म्हणजे माझा जुना रास्पबेरी पाय, तळहाताएवढा छोटा संगणक. त्यावर हौसेनं रिस्क ओएस टाकली होती. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनं 1987 मध्ये आपल्या एआरएम चिपच्या संगणकासाठी काढलेली ही प्रणाली, तेव्हा तिचं नाव आर्थर. ती सुरू झाली चुटकीसरशी, पण मजकूर लिहायचा एक साधा एडिटर बसवताना माझे तीन दिवस गेले. लिनक्स प्रणालीवर एका ओळीची आज्ञा देऊन मोकळा होणारा माणूस मी. इथं सेटअप कुठंय तेच शोधत बसलो. शेवटी लॅपटॉपवर झिप, म्हणजे फायलींचं बांधलेलं गाठोडं, सोडवली, पेनड्राइव्हनं फोल्डर आणलं, डबल क्लिक केलं, तर नुसती तक्रारीची चौकट.

तुम्ही आलात आणि शिफ्ट दाबून त्याच चित्रावर डबल क्लिक केलंत. प्रोग्रामचं पोटच उघडलं. “आत बघितलंस का बे कधी?” आत !बूट, !रन, !स्प्राइट्स. नावाच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह असलेलं फोल्डर हाच इथं प्रोग्राम. तो नजरेला पडला की !बूट चालतं, डबल क्लिक केलं की !रन, आणि चित्र येतं !स्प्राइट्समधून. बसवायचा म्हणजे हवा तिथं ओढून ठेवायचा, नको झाला की पुसायचा.

तुम्ही निम्मं आयुष्य जॅकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडण्यात घालवलंत, त्यामुळे उदाहरण मागावरचंच आलं. डिझाइन बदलायचं तर पुठ्ठ्यांची माळ उतरवायची, दुसरी चढवायची, माग तोच. आणि माळेत एक पुठ्ठा उलटा लागला तर चादरीतलं फूल बिघडतं. माझं तेच झालं होतं. रिस्क ओएस फाइलची जात नावाच्या शेपटीवरून ओळखत नाही, प्रत्येक फाइलला तीन अंकी-अक्षरी खूण असते. !रनची खूण एफईबी. लॅपटॉपवर झिप सोडवताना ती खूण गळून गेली. “झिप तशीच आण, इथंच सोडव.” दोन मिनिटांत एडिटर चालू.

इथवरची मदत कुणीही केली असती, असं म्हणवत नाही. पण खरे आभार पुढच्या गोष्टीचे.

मग मला नेटसर्फ हवा झाला. हा ब्राउझर नुसता ओढून चालत नाही, त्याला सामायिक मॉड्यूल, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ते तुकडे, लागतात आणि ती !सिस्टम या त्यांच्या ठरलेल्या फोल्डरात जावी लागतात. मी उत्साहात कुठलीशी जुनी !सिस्टम नव्यावर टाकली. नवी मॉड्यूल गेली, जुनी बसली, आधीचे चालणारे प्रोग्रामही रुसले. तुम्ही कपाळाला हात लावलात. पण तुमच्याकडच्या प्रतीतून सगळं परत आणलंत आणि स्वतःच पॅकमॅन उघडून दिलंत. हा खेळ नव्हे, प्रोग्राम आणि त्यांना लागणारं सगळं आपणहून बसवणारा प्रोग्राम.

काका, तुम्हाला पॅकमॅन आवडत नाही, हे मला माहीत आहे. “माझ्या घरात कुठली वस्तू कुठं ठेवायची हे दुसऱ्यानं का ठरवावं?” हे तुमचंच वाक्य. तरी शेजारी बसून कोणत्या प्रोग्रामला काय काय लागतं हे ते कसं ताडतं, आवृत्त्या कशा बघतं, हे सगळं दाखवलंत. वर बजावलंत, की पॅकमॅननं बसवलेलं हातानं हलवायचं नाही, त्याच्या वहीत जुनीच जागा राहते. स्वतःला न पटणारी गोष्ट इतकी नीट शिकवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. मी असतो तर तुम्हाला आधी अर्धा तास माझं मत ऐकवलं असतं.

आता एडिटर, खेळ, घड्याळ मी ओढूनच ठेवतो. नेटसर्फ पॅकमॅनवाटे येतो. आणि हो, परवा चुकून मी तो दुसऱ्या फोल्डरात ओढला.

रविवारी येतो. आईनं शेंगाचटणी कुटून ठेवली आहे. !सिस्टमची ती प्रत मात्र अजून पुसू नका.

तुमचा,
पायवाला