टाळ कोणाच्या हातात द्यावा

रामबाग, इंदूर

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र पोचलं. मंडळात दोन-दोन तबलजी, पेटीवर विशारद झालेल्या बाई, आणि तरी भजन तिसऱ्या कडव्यात उधळतं, हे वाचून आधी हसू आलं. पुण्यात राहून हे दुखणं इंदूरला विचारतोस, भिया! पण विचारलंस ते बरं झालं. याबाबत माझं मत पक्कं आहे. दहा जणांना लयीत धरून ठेवणारा माणूस वेगळ्याच जातीचा असतो आणि उत्तम वाजवणाऱ्यांत तो क्वचितच सापडतो.

आमच्या वाड्यातल्या खालच्या काकू आठवतात? त्यांनी संगीताची पायरी कधी चढलेली नाही. झपताल म्हणजे काय विचारलं तर हसतील. पण गणपतीत टाळ त्यांच्याच हातात हवा. पहिली आरती ठायीत, म्हणजे संथ लयीत निघते, तिसरीला पोरं सुटतात, टाळ्या आणि शब्द यांची फारकत होते. अशा वेळी कोणीही टाळ जोरात आपटेल. काकू उलट करतात. टाळाची एक वाटी तळहाताशी दाबून धरतात, मधले ठोके गाळतात आणि फक्त समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, एक मोकळा ठोका देतात. गलक्यात एकदम जागा पडते, पोरांचे कान आपोआप टवकारतात आणि दुसऱ्या ओळीला सगळे जाग्यावर येतात. त्यांची नजर पोरांकडे नसतेच. ती असते कोपऱ्यातल्या आजोबांवर, ज्यांना प्रत्येक ओळीनंतर श्वास घ्यायला वेळ लागतो. आजोबांचा श्वास भरला की पुढचा ठोका.

लय का पळते, यालाही कारण आहे. मेट्रोनोमबरोबर, म्हणजे एकसारखी टकटक करणाऱ्या यंत्राबरोबर, बोटाने ठेका धरायला सांगितलं, की बहुतेकांचं बोट ठोक्याच्या किंचित आधी पडतं. एकट्याचं हे खपून जातं. घोळक्यात मात्र जो तो शेजारच्या घाईवाल्याला गाठू बघतो आणि गाडी उतारावर लागते. सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवल्या की वेग चढतोच; त्यात कोणा एकाचा दोष नसतो. म्हणून तबलजींवर उगाच चिडू नकोस.

ढोलपथकात आणखी एक भानगड असते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे पहिल्या रांगेचा ताशा ३४ मीटर मागच्या ढोलवाल्याला सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. तो कानावर विसंबला तर मागे पडणारच. त्याने पुढच्याचे हात बघून वाजवायचं असतं. तुमच्या हॉलमध्ये एवढं अंतर नाही, पण माइक-स्पीकरच्या गोंधळात माणसं एकमेकांना दिसेनाशी होतात, तेही वाईटच. सगळ्यांना अर्धवर्तुळात बसव.

आता तबल्याचं. आपल्या इंदूरचे उस्ताद अमीर खाँ (१९१२-१९७४) झुमरा तालात विलंबित, म्हणजे अगदी संथ गायचे. चौदा मात्रा, आणि एकेक मात्रा तीन-चार सेकंदांची! तबलजीने फक्त सरळ ठेका धरायचा, कलाकारी दाखवायची नाही. ती ध्वनिमुद्रणं ऐकताना माझा कान हल्ली तबल्याकडेच जातो. दोन बोलांमधली ती लांबलचक जागा रिकामी ठेवायला केवढा धीर लागत असेल! नाना पानशांच्या पखवाजाचा वारसा सांगणाऱ्या या गावात हात तयार असलेले पुष्कळ भेटतात, पण असा धीर सगळ्यांकडे नसतो. तुझे दोन्ही तबलजी एकमेकांना तिहाया, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणायचे तुकडे, ऐकवत असणार, पैजेवर सांगतो. एकाला भजनाच्या दिवशी सुट्टी दे.

सगळ्यांना लयीत धरणं शिकवता येतं का, विचारलंस. थोडंफार येतं. मात्रा मोजणं, हळू लयीचा सराव, हे सगळं येतं. पण दुसरा आता अडखळणार, हे आधीच ओळखणं मला तरी शिकवून आलेलं दिसलं नाही. काकू पंगतीत वाढतानाही तशाच; कुणाचं पान कधी रिकामं होणार, त्यांना आधी कळतं.

तुझ्या पत्रातल्या मंडळींत मला एकच माणूस त्या जातीचा वाटला. मागे बसणारे, बँकेतून निवृत्त झालेले ते काका, ज्यांच्याबद्दल तू वैतागून लिहिलंस की गात नाहीत, नुसते सगळ्यांच्या तोंडाकडे बघत मान डोलावतात. येत्या गुरुवारी टाळ त्यांना दे आणि मधोमध बसव. पेटीवाल्या बाई रुसतील, त्यांची समजूत वहिनी काढतील. काय झालं ते लगेच कळव.

तुझाच,
वाड्यातला भिया

ता. क. शेव पाठवतोय, लवंगेची. मुलांपासून लपवून ठेव.