आबा, आपण दुरुस्त केलेल्या चिठ्ठ्यांबद्दल

आदरणीय आबा,
सादर नमस्कार.

गेल्या प्रजासत्ताक दिनी आपल्या गावच्या शाळेत माजी सैनिकांच्या वस्तूंचे छोटे प्रदर्शन भरले. त्यातल्या प्रत्येक वस्तूखालच्या चिठ्ठीवरून शेवटचा हात आपला फिरला होता, आणि तरीही त्या खोलीत आपले नाव कुठेही नव्हते. नाव लिहू नये, हा आग्रह आपलाच होता. तो मोडवत नाही, म्हणून हे पत्र नावाशिवाय, पण सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

आपल्या गावात लष्करी ट्रंक नसलेले घर शोधावे लागते, त्यामुळे वस्तू जमवणे अवघड गेले नाही. अवघड होते ते त्यांना ओळखणे. आम्ही शिक्षकांनी अंदाजाने चिठ्ठ्या लिहिल्या होत्या: हिरवा लोकरी शर्ट, थंडीचा कोट, शिवणकामाची गुंडाळी. चार दिवस आधी आपण आलात, खुर्ची ओढून टेबलाशी बसलात आणि माझ्याकडे लाल पेन मागितलेत. शर्टाला आपण ‘शर्ट अंगोला’ लिहिलेत, कोटाला ‘कोट पारका’, लोकरी टोपीला ‘कॅप कम्फर्टर’. आधी वस्तू आणि मग तिचा प्रकार, कारण भांडाराच्या याद्यांत नावे त्याच क्रमाने असतात आणि जवानाच्या तोंडीही तीच बसतात, हे आपण सांगितलेत. शिवणकामाच्या गुंडाळीचे नाव ‘हौसवाइफ’ असल्याचे ऐकून मुले हसली, तेव्हा आपण काही न बोलता ती उलगडलीत, चष्मा वर केलात, सुईत दोरा ओवलात आणि अंगोला शर्टाचे लोंबणारे बटण तिथेच लावून टाकलेत. गाठ मारण्याआधी बटणाच्या मुळाशी दोऱ्याचे तीन वेढे घेतलेत. जाड कापडाच्या काजात बटण बसायला तेवढी उंची लागते, असे आपण म्हणालात, आणि तोवर वर्ग शांत झालेला होता.

दुसऱ्या महायुद्धातला एक खाकी सदराही आमच्याकडे आला होता. खाकी म्हणजे पोलीस, एवढेच मुलांना ठाऊक. ‘खाक’ म्हणजे धूळ, सरहद्दीच्या धुळकट मुलखात तो रंग जमिनीशी मिळून जाई, पण ब्रह्मदेशाच्या जंगलात तो उठून दिसू लागला आणि सैन्याला हिरव्याकडे वळावे लागले, ही गोष्ट आपण ज्या ओघात सांगितलीत, तशी मला पाठ्यपुस्तकावरून सांगता आली नसती. 15 जानेवारी 2022 रोजी सेनादिनाच्या संचलनात दिसलेल्या नव्या डिजिटल नक्षीच्या लढाऊ गणवेशापर्यंत आपण ते सूत आणून सोडलेत.

मात्र ज्या एका दुरुस्तीसाठी मी विशेष ऋणी आहे, ती छायाचित्राची. एका घरून आलेल्या त्या फोटोत तीन जवान ट्रकला टेकून उभे आहेत, आणि घरच्यांच्या सांगण्यावरून आम्ही खाली ‘1965 च्या युद्धातील क्षण’ असे लिहिले होते. आपण भिंग मागवलेत. लष्करी गाडीच्या क्रमांकात वर टोक असलेला बाण असतो आणि बाणानंतरचे दोन अंक गाडी दलात आल्याचे वर्ष सांगतात, हे आम्हाला माहीत नव्हते. फोटोत बाणानंतर 74 होते. आपण 1965 वर रेघ मारलीत आणि त्या घरच्या आजींना वाईट वाटू नये म्हणून स्वतः त्यांच्या दारी जाऊन ते समजावून आलात.

ट्रक होता शक्तिमान. जर्मनीच्या मान कंपनीच्या सहकार्याने 1959 पासून जबलपूरला बनू लागलेली ही गाडी आपण सैन्याला रसद पोहोचवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये अनेक वर्षे चालवलीत. जोंगा आणि निसान वन टन या लष्कराच्या दुसऱ्या गाड्यांबद्दल आपण दोन वाक्यांत आटोपते घेतलेत, पण शक्तिमानचे नाव निघाले की आपले दोन्ही हात टेबलाच्या कडेवर स्टिअरिंग धरल्यासारखे सरकत. हिवाळ्यात लडाखच्या वाटेवरची झोजी ला खिंड बंद होणार, म्हणून उन्हाळाभर लडाखकडे शिधा आणि रॉकेल पोहोचवायचे. रात्री पाणी गोठून इंजिन फुटू नये म्हणून रेडिएटर रिकामा करायचा आणि पहाटे पुन्हा भरायचा. पाना धरायला हातमोजा काढला की बोटे लोखंडाला चिकटायची. अंधारात दिवे न लावता ताफा कसा चालतो, या प्रश्नावर आपण खडूने फळ्यावर ट्रकची मागची बाजू काढलीत आणि दोन चाकांच्या मधला गोळा पांढरा भरलात. त्याच्यावर एक मिणमिणता दिवा असतो, मागच्या चालकाने तेवढाच पांढरा ठिपका पाहत राहायचे. आमच्या बसचालक काकांनीही ते चित्र बराच वेळ न्याहाळले.

आपले स्वतःचे संग्राम पदक आम्ही ‘शौर्यपदक’ म्हणून मांडले होते. आपण शौर्य खोडून लिहिलेत, ‘1971 च्या युद्धकाळातील सेवेबद्दल’. ज्यांना शौर्यासाठी मिळाले त्यांचे ते नाव आहे, ते मला लावू नका, असे आपण म्हणालात. त्या दिवसापासून मी फळ्यावर कोणताही मोठा शब्द लिहिण्याआधी थांबते.

आबा, या सर्वांबद्दल मी, माझे सहकारी आणि आपली मुले मनापासून आभारी आहोत. प्रदर्शन आवरले, पण लाल पेनाच्या चिठ्ठ्या वस्तूंसह शाळेच्या काचेच्या कपाटात ठेवल्या आहेत. खालच्या फळीवरच्या खिळेमारे बुटांची चिठ्ठी मात्र अजून कोरी आहे. ते बूट कोणत्या काळातले, हे तळवा उजेडात पाहून सांगेन, असे आपण म्हणाला होतात. गुडघ्याला आराम पडला की निरोप द्यावा, न्यायला मी स्वतः येईन.

आपली नम्र,
शाळेतील इतिहासाची शिक्षिका