घडणावळ लाव, मनू

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

पैशाचा विषय निघाला की तू "असू दे ना बाबा" म्हणून उठून जातेस, म्हणून लिहून देतोय. निवांत वाच.

दादरच्या प्रदर्शनात त्या बाई तू केलेले कानातले हातात घेऊन म्हणाल्या, "तांब्याची तार तर आहे." आणि तू लगेच अडीचशेचे दीडशे केलेस. गिऱ्हाईक घासाघीस करणारच, त्याचा मला राग नाही. पण तू तुझ्या कामाची बाजू एका शब्दानेही घेतली नाहीस, ते मला लागलं.

तांब्याच्या तारेत माझी हयात गेली. जळालेली मोटर आली की जुनी कॉइल उघडायची, वेढे मोजायचे, मायक्रोमीटरने तारेचं गेज, म्हणजे जाडी, घ्यायचं आणि मग नवीन वाइंडिंग भरायचं. बिलात तांबं वजनावर लागतं आणि मजुरी वेगळी. तांब्याच्या भावावर कोणी हुज्जत घालत नाही, तो बाजारात ठरतो. हुज्जत होते ती मजुरीवर, आणि तिथे मी नमत नाही. वेढा सैल बसला किंवा तारेवरचं इनॅमल, म्हणजे वीजरोधक लेप, कुठे खरवडलं गेलं, तर मोटर पुन्हा जळणार. मी पैसे घेतो ते तसं होऊ न देण्याचे.

आता तुझ्या जोडाचा हिशेब कर. पाच ग्रॅम तार धर. किलोला हजार रुपये भाव धरला तरी तांबं झालं पाच रुपयांचं. म्हणजे बाई काही खोटं बोलल्या नाहीत. पण त्या पाच रुपयांच्या तारेचे कानातले झाले ते तू दीड तास मान खाली घालून बसलीस म्हणून. दीडशेतून कानातल्या चांदीच्या हुकांचे, मण्यांचे, पाकिटाचे आणि स्टॉलच्या भाड्यातल्या वाट्याचे पैसे काढले, तर तुझ्या हातात साठ-सत्तर रुपये राहतात. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या पोराला तासाला याहून जास्त पडतात, आणि त्याला अजून धड सोल्डरिंग येत नाही.

त्याच बाई झवेरी बाजारात गेल्या तर सोन्याचा भाव देतील आणि वर घडणावळही देतील. पावतीवर ती वेगळी छापलेली असते, त्यामुळे ती द्यायची असते हे सगळ्यांना माहीत असतं. सोन्यात घडणावळ धातूच्या किमतीवर वरून लागते. तुझ्या तांब्यात जवळजवळ सगळी किंमत घडणावळीचीच आहे. आजीने मंगळसूत्र गाठवायला दिलं होतं ते आठवतं? सोनं आपलं, काळे मणी आपले, पटवेकऱ्याचा फक्त दोरा आणि हात. त्याने मजुरी आधी सांगितली आणि आजीने, जी कोथिंबिरीच्या जुडीसाठी मंडईत दोन फेऱ्या मारते, मुकाट्याने मोजून दिली. दोरा किती रुपयांचा, असं तिने विचारलं नाही.

तू अकीकाच्या खड्याचं पेंडंट करत होतीस त्या रात्री मी पाणी प्यायला उठलो होतो आणि बराच वेळ दारात उभा राहून बघत होतो. चौकटीला २० गेजच्या चार तारा, आणि त्यांच्यावरून-खालून विणत जाणारी २८ गेजची बारीक तार. सोल्डर नाही, गोंद नाही. खडा बसतो तो निव्वळ तारेच्या ताणावर, ताण कमी पडला तर आतल्या आत हलतो आणि जास्त झाला तर चौकट वाकडी होते. वेढ्याला वेढा लागून चालला होता. मग एक वेढा शेजारच्यावर चढला. कोणाच्या नजरेला आला नसता. तू भिंगातून पाहिलंस आणि बोटभर विणलेलं सगळं उसवलंस. ती तार आता वाकून वाकून कडक झाली होती, पुन्हा वापरली तर तुटेल, म्हणून तू ती कापून टाकलीस आणि नवी घेतलीस. मनू, मी किती तरी वाइंडर पाहिले आहेत. असं उसवणारे फार थोडे असतात. त्या पेंडंटला तू सहाशे लावलेस.

एक गोष्ट तुझ्या उपयोगाची सांगतो. तू ज्या व्हिडिओंवरून शिकतेस ते बहुतेक अमेरिकन गेज बोलतात. आपल्या तांबाकाट्याच्या बाजारात मिळते ती तार एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश गेजच्या मापाची. त्यांचं २० गेज म्हणजे ०.८१ मिलिमीटर, आपलं २० म्हणजे ०.९१. एवढ्याशा फरकाने कानाच्या भोकात हूक घट्ट जातो आणि दुखतं. तुझ्या मैत्रिणीचा कान लाल झाला तो बहुधा यामुळेच. हुकांसाठी आपलं २१ गेज माग, ते बरोबर ०.८१ भरतं. चांदीच्या तारेलाही तेच माप धर. आणि बारीक तारेची नासाडी झाली म्हणून जीव खाऊ नकोस. २८ गेजची एक किलो तार उलगडली तर जवळपास एक किलोमीटर होते. त्यातली हातभर गेली तर काय गेलं!

हुकाचं टोक तू कानशीने गोल करतेस, मग स्वतःच्या ओठावर फिरवून बघतेस. हे गिऱ्हाइकाला सांग. माल मांडून गप्प बसू नकोस. घामाने तांब्याखालची कातडी हिरवट होते, पण ती धुतली की जाते, हेही सांग. मुंबईच्या पावसाळ्यात तांबं काळवंडणार, लिंबू-मीठ लावून घासलं की उजळतं आणि झिपच्या पिशवीत ठेवलं तर टिकतं, हे एका छोट्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात घाल. तू मुद्दाम काळवलेले दागिने मात्र घासायचे नाहीत, तेही लिही. नाहीतर उकडलेल्या अंड्यासोबत डब्यात बंद करून तू जो रंग आणतेस तो कोणी तरी पितांबरीने काढून टाकेल. आणि जर्मन सिल्व्हर चांदी म्हणून विकणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नकोस. त्यात चांदी औषधालाही नसते, तांबं, जस्त आणि निकेल असतं, आणि निकेलने कित्येकांच्या कानाला खाज सुटते. तुझे हूक ९२५ चांदीचे, म्हणजे साडेब्याण्णव टक्के शुद्ध चांदीचे आहेत, ते ठळक लिही. खरं सांगून जास्त पैसे मागायला लाज कसली?

काल्डरबद्दल तूच मला सांगितलंस, अलेक्झांडर काल्डर, तो हलत्या शिल्पांचा अमेरिकन. लहानपणी तांब्याच्या तारेचे तुकडे गोळा करून बहिणीच्या बाहुल्यांना दागिने करायचा. तूही माझ्या गाळ्यात खाली बसून उरलेल्या तुकड्यांच्या अंगठ्या करायचीस, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं. १९५५ साली तो अहमदाबादला येऊन काम करून गेला. जन्मभरात त्याने सुमारे अठराशे दागिने केले, बरेचसे पितळेच्या नि चांदीच्या तारेचे, ठोकून आणि वळवून. आज ते संग्रहालयांत काचेमागे आहेत. तिथे पितळेचा भाव कोणी काढत नाही. तू काल्डर हो असं मी म्हणत नाही. साध्या धातूच्या तारेला हाताने किंमत येते, एवढं त्यात मला दिसतं.

आता त्या दुकानाचं. पावसाळ्यात तू त्यांना विकलं गेलं तर पैसे या बोलीवर माल दिलास, दिवाळी उलटली तरी हिशेब नाही. फोन केला की "मॅडम बाहेर आहेत." यापुढे माल देशील तेव्हा चलन, म्हणजे माल दिल्याची पावती, कर. नग किती, दर काय, त्यांचं कमिशन किती, पैसे कोणत्या तारखेपर्यंत, आणि खाली त्यांची सही. ओळखीचे असले तरी सही घ्यायची. राहिलेला माल आणायला मी येतो तुझ्याबरोबर. भांडणार नाही. नुसता शेजारी उभा राहीन.

हे सगळं मी एवढं का लावून धरलंय, तर तुझ्या आजोबांमुळे. ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. धागा तुटला की साच्याच्या आवाजावरून ओळखायचे, असं त्यांच्याबरोबरचे लोक सांगायचे. १९८२च्या संपानंतर गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. हातात कसब होतं, पण साचा गिरणीचा, सूत गिरणीचं, कापडावर छाप गिरणीची. बाहेर येऊन त्या कसबाचे पैसे मागायला दारच नव्हतं. ते नंतर भायखळ्याला भाजीच्या गाड्या उतरवायचे आणि घरी येऊन कोणाशी बोलायचे नाहीत. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. तुझी पक्कड तुझी आहे, तार तुझी, नक्षी तुझी, गिऱ्हाईक तुझ्यासमोर उभं आहे. आजोबांना यातलं काहीच मिळालं नव्हतं. तुला मिळालंय तर दर सांगताना मान वर कर.

आत्या विचारत होती की मनू नोकरी कधी बघणार. मी सांगितलं, ती कामच करते आहे. हा विषय माझ्यापुरता संपला.

तर येत्या प्रदर्शनासाठी असं कर. प्रत्येक नगाला लागलेला वेळ वहीत लिही. तासाचा दर दीडशे धर, सध्या एवढा पुरे. त्यात सामान, पाकीट आणि भाड्याचा वाटा मिळव, आणि मग आकडा लिही. कमी करायचेच झाले तर दोन नग घेणाऱ्याला थोडे कमी कर, "तार तर आहे" म्हणणाऱ्याला नको. परत पाठवावं लागलं तर हसून पाठव. स्वस्तातलं हवं असणाऱ्यांसाठी साध्या रिंगा ठेव, त्या तुझ्याकडून दहा मिनिटांत होतात. मागच्या बाजूला तुझं नाव ठोकायचा छोटा पंच नागदेवी स्ट्रीटला बनवून मिळतो का, ते मी शनिवारी बघून येतो. येताना लोहार चाळीतून भिंगाचा दिवाही आणीन, त्या पिवळ्या बल्बखाली डोळे फोडून घेऊ नकोस.

आणि अकीकाच्या पेंडंटवरची सहाशेची चिठ्ठी आजच काढ. बाराशे लिही.

तुझे,
बाबा