कौंचबीजाच्या पाकिटावर मिलिग्रॅम छापा

मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

नागपुरात माझं मेडिकल दुकान आहे. कंपवाताचे (पार्किन्सनचे) रुग्ण त्यावरच्या लेव्होडोपा या औषधाची गोळी माझ्याकडून नेतात आणि त्यातले काही जण कौंचबीजाचं चूर्ण इतवारीच्या बाजारातून आणतात. गोळीच्या पट्टीवर मिलिग्रॅम छापलेले असतात. चूर्णाच्या पाकिटावर काय, तर ‘एक चमचा, दुधासोबत’.

चूर्णात दम नाही, अशी माझी तक्रार नाही. दम आहे, म्हणूनच लिहितोय. कौंचबीज म्हणजे खाजकुहिलीचं बी. त्यातून लेव्होडोपा वेगळं काढल्याचं दामोदरन आणि रामस्वामी यांनी मद्रासहून १९३७ सालीच प्रसिद्ध केलं. कंपवातावर ते रुळलं साठच्या दशकात. बियांत ते साधारण ४ ते ६ टक्के, वाणाप्रमाणे कमीजास्त. म्हणजे ५ ग्रॅम चूर्णात २०० ते ३०० मिलिग्रॅम. नेहमीच्या गोळीत १०० असतं, पण जोडीला कार्बिडोपा, जे लेव्होडोपाला मेंदूत पोचायच्या आधी वाटेतच संपू देत नाही. नुसतं चूर्ण घेणाऱ्याला ही जोड नसते, त्यामुळे बरंचसं वाया जातं. गोळी चालू असताना चूर्णही घेतलं, की गोळीतलं कार्बिडोपा चूर्णालाही हात देतं. मग मळमळ, उभं राहताच रक्तदाब उतरणं, अंग वेडंवाकडं हलणं, नसलेली माणसं दिसणं. घरच्यांना वाटतं आजार वाढला. चूर्णाचं डॉक्टरांना ठाऊकच नसतं. सांगितलं का, असं मी रुग्णाला विचारलं तर उत्तर येतं, “ते तर आयुर्वेदिक आहे नं भाऊ, डॉक्टरले काय सांगायचं त्याचं?”

  

आयुर्वेदिक औषधांच्या उत्पादनाचे परवाने आपलंच खातं देतं. कौंचबीजाच्या पाकिटावर एका मात्रेत लेव्होडोपा किती हे छापलेलं हवं, आणि ‘कंपवाताच्या गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना विचारा’ ही ओळ ठळक मराठीत. लेबलचे नियम केंद्राचे, असं उत्तर येईल. मान्य. मग केंद्राला लिहा. तोवर इतवारीतले नमुने उचलून नागपुरातल्याच सरकारी प्रयोगशाळेत तपासायला आणि आकडे जाहीर करायला दिल्लीची परवानगी लागत नाही. आकडे आले, की मीच ते दुकानाच्या काउंटरवर चिकटवीन.

आपला,
एक औषधविक्रेता, नागपूर